आर्क्टिकमधील तेल आणि वॉशिंग्टनमधील सत्तांतर

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्ष बदलला की तेल, खाणी आणि जंगले यांविषयीचे धोरण इतक्या झपाट्याने कसे बदलते? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अमेरिकेच्या भूभागापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे, अलास्कात तर हे प्रमाण निम्म्याहूनही जास्त आहे. या जमिनीविषयीचा कायदा बदलायचा तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, मंजुरी लागते आणि खात्याचे नियम बदलायचे तर मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. अध्यक्षांचा आदेश मात्र एका सहीने निघतो आणि पुढच्या अध्यक्षांच्या एका सहीने रद्द होतो. कीस्टोन एक्सएल या तेलवाहिनीला ओबामांनी २०१५ मध्ये नकार दिला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये परवाना दिला आणि बायडन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी, तो काढून घेतला.

प्रश्न : मी तेल उद्योगात काम करतो. अलास्कातील आर्क्टिक अभयारण्यात खरोखर उत्खनन होईल का? (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर : या अभयारण्याच्या सुमारे १५ लाख एकर किनारी पट्टीचा प्रश्न १९८० च्या कायद्याने लोंबकळत ठेवला : काँग्रेसच्या परवानगीशिवाय तेथे तेल काढता येणार नाही, एवढेच त्यात ठरले. ती परवानगी २०१७ च्या करविषयक कायद्यातून मिळाली. जानेवारी २०२१ मधील पहिल्या लिलावाकडे मोठ्या कंपन्यांनी पाठ फिरवली आणि बहुतेक भाडेपट्टे अलास्का राज्याच्याच एका महामंडळाने घेतले. बायडन सरकारने ते २०२३ मध्ये रद्द केले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही आणि त्याच वर्षी मार्चमध्ये न्यायालयाने आधीचे रद्दीकरण बेकायदा ठरवले. जुलै २०२५ च्या कायद्याने तर दहा वर्षांत किमान चार लिलाव बंधनकारक केले आहेत.

लिलाव होतील, यात शंका नाही. परंतु जेथे रस्ते नाहीत, खर्च अफाट आहे आणि विहिरीतून तेल येईपर्यंत दोन-तीन निवडणुका होऊन जाऊ शकतात, तेथे सावध कंपनी पैसा ओतताना कचरणारच. आपण या उद्योगात आहात, म्हणून आग्रहाने सांगतो : घोषणेपेक्षा बोली कोण लावतो, याकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : पर्यावरणीय परिणामांची तपासणी आता नावापुरतीच उरली आहे का? (एक निवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : नाही; १ जानेवारी १९७० रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेला, ही तपासणी सक्तीची करणारा मूळ कायदा आजही लागू आहे. मात्र युटा राज्यातील खनिज तेलाच्या वाहतुकीसाठी आखलेल्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तपासणीची व्याप्ती आवळली. रेल्वेमुळे इतरत्र वाढणारे उत्खनन किंवा तेलशुद्धीकरण यांचा हिशेब मांडणे आता सरकारी यंत्रणेवर बंधनकारक नाही. मला हे घातक वाटते, कारण अशा प्रकल्पांचे मोठे नुकसान बहुधा रुळांपासून दूरच होते.

प्रश्न : स्थानिक आदिवासींचे म्हणणे काय आहे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : त्यांच्यात एकमत नाही. किनारी पट्टीवरच वसलेल्या काक्टोविकमधील अनेक इन्युपियाट रहिवाशांना उत्खनन हवे आहे, कारण शाळा, दवाखाने आणि पाणीपुरवठा तेलाच्या करांतून चालतात. दक्षिणेकडील ग्विचिन लोकांचा मात्र ठाम विरोध आहे; त्यांचे अन्न आणि संस्कृती ज्या कॅरिबू हरणांवर उभी आहे, त्यांचा पॉर्क्युपाइन नावाचा कळप विणीसाठी याच पट्टीवर येतो. माझ्या मते निदान विणीच्या क्षेत्राला तरी कायद्यानेच संरक्षण मिळाले पाहिजे, कारण आदेशाने दिलेले संरक्षण पुढच्या सत्तांतरापुरतेच टिकते.