‘आधी डॉक्टर हो, मग यंत्रे बनव’ ही अट नेमकी कोणासाठी?

एका वडिलांच्या पत्राचा आशय असा: मुलगी बारावीत आहे आणि जीवशास्त्र व गणित दोन्ही विषय घेऊन शिकते आहे. सहामाहीत तिला जीवशास्त्रात ९१, गणितात ७२ आणि भौतिकशास्त्रात ६८ गुण मिळाले. रक्त, लघवी, थुंकी यांचे नमुने आपोआप उबवून तपासणारी प्रयोगशाळेची यंत्रे बनवायची, असे ती गेले वर्षभर म्हणते. रुग्ण तपासण्याची मात्र तिला आवड नाही. आईवडिलांनी तिच्यापुढे तोडगा ठेवला आहे: आधी वैद्यकीय पदवी घे, मग हवी ती यंत्रे बनव. तिला हे कसे पटवावे आणि अशा यंत्राच्या पेटंटला किती वर्षे लागतात, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो. तोडग्याची हकिगत सांगून झाल्यावर आपण कंसात लिहिले आहे, ‘तोपर्यंत हे खूळ आपोआप उतरेल, अशी आम्हाला आशा आहे.’ गुण, परीक्षा, पेटंट यांपेक्षा मला या कंसाची अधिक काळजी वाटते. मुलीला आपण शब्द दिला आहे आणि तो पाळण्याची वेळ येऊ नये, अशी इच्छा मला कळवली आहे. याला तोडगा म्हणता येणार नाही. मुलगी थकून गप्प बसेपर्यंत काढलेली ही मुदत आहे, आणि बारावीच्या वयाच्या मुलीला ते कळत नसेल असे समजण्यात अर्थ नाही. ती वाद घालत नाही, हे आपण समाधानाने लिहिले आहे. मला ते चांगले लक्षण वाटत नाही.

शिवाय मधल्या त्या पाच-सहा वर्षांत तिच्यासमोर खरी माणसे असतील. रुग्णाचे म्हणणे ऐकण्यात ज्याला रस नाही, त्याने पुढच्या कशाची तरी पायरी म्हणून वैद्यकीय शिक्षण घ्यावे, हे मला रुग्णांच्या बाजूनेही योग्य वाटत नाही. आपण हा विचार केलेला दिसत नाही, कारण पत्रात ‘आम्ही ठरवले आहे’ हे शब्द चार ठिकाणी येतात आणि मुलीच्या तोंडचे वाक्य एकही येत नाही.

प्रवेश परीक्षांची माहिती आपल्याला भरपूर आहे आणि चारही विषय असल्यामुळे तिला दोन्ही वाटा खुल्या आहेत, म्हणून त्यात मी शिरत नाही.

आपल्या तोडग्यामागे जो समज आहे, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. वैद्यकीय यंत्र शोधायचे तर माणूस डॉक्टर असावा लागतो, असे आपण धरून चालला आहात. या क्षेत्राचा इतिहास तसे सांगत नाही. रक्तपेशी मोजण्याचे काम एकेकाळी सूक्ष्मदर्शकाखाली डोळे ताणून करावे लागे. ते यंत्राकडे सोपवणारे तत्त्व वॉलेस कूल्टर यांनी शोधले आणि १९५३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. त्यांचे शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे होते आणि पदवीही पुरी झालेली नव्हती. क्षारयुक्त द्रवातील पेशी एका बारीक छिद्रातून जाताना विद्युतप्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, आणि तो अडथळा मोजला की पेशींची संख्या आणि आकार दोन्ही कळतात, एवढाच तो विचार. पण तो वीज कळणाऱ्याला सुचला. रसायन तपासण्या आपोआप करणारे ‘ऑटोॲनलायझर’ १९५७ मध्ये बाजारात आले. ते लिओनार्ड स्केग्स या जीवरसायनशास्त्रज्ञाचे काम. नमुने एकापाठोपाठ एकाच नळीतून वाहत नेताना ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्यांनी मधे हवेचे बुडबुडे सोडले, आणि नमुना ठरावीक वेळ उबवण्यासाठी नळीचे वेटोळे गरम द्रवात बसवले. प्रवाहाचा वेग कायम असला की वेटोळ्याची लांबी हेच घड्याळ होते. प्लॅस्टिकच्या छोट्या कार्डावरील खळग्यांत जंतू वाढवून ते ओळखण्याची पद्धत तर मॅकडॉनेल डग्लस या विमाने आणि अवकाशयाने बनवणाऱ्या कंपनीत, अवकाश कार्यक्रमाच्या निमित्ताने विकसित झाली. डॉक्टरांनी असे काम केलेच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जपानमधील कोची येथे मासाहिदे सासाकी यांनी १९८० च्या दशकात नमुने पट्ट्यावरून यंत्रापर्यंत नेणारी संपूर्ण स्वयंचलित प्रयोगशाळा उभी केली, आणि ते वैद्यकीय क्षेत्रातलेच होते. म्हणजे डॉक्टर होऊनही हे करता येते. पण ज्याला डॉक्टर व्हायचे आहे त्याने.

आता आपण तक्रार म्हणून लिहिलेल्या एका मजकुराकडे येतो. परीक्षेच्या महिन्यात ती थर्माकोलची पेटी, बल्ब आणि तापमान नियंत्रक घेऊन बसली. पेटीच्या चार कोपऱ्यांत तापमापक ठेवून दर अर्ध्या तासाने वहीत आकडे लिहीत राहिली. वरच्या आणि खालच्या भागात तीन अंशांचा फरक आला म्हणून तिने आत छोटा पंखा बसवला, तर नमुन्यांऐवजी आत ठेवलेल्या बश्यांमधले पाणी लवकर आटू लागले, म्हणून पुन्हा सगळे उघडले. शेवटी आपण ती पेटी माळ्यावर टाकली. महोदय, आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. तापमान सारखे करायला हवा खेळवावी लागते आणि हवा खेळवली की नमुना सुकतो, हा पेच या व्यवसायातील माणसांच्या रोजच्या कामाचा आहे. चाचणीच्या पट्टीवरील कडेचे खळगे मधल्या खळग्यांपेक्षा लवकर सुकतात, त्यामुळे त्यांतील द्रव दाट होतो आणि निकाल बिघडतो; झाकण लावावे, तर त्यावर आतून बाष्प धरते आणि प्रकाशाने घेतलेले मोजमाप चुकते. आपल्या मुलीने कोणीही न सांगता पहिली अडचण मोजून काढली, तिच्यावर उपाय केला आणि त्या उपायातून निघालेली दुसरी अडचणही नोंदवली. ९१ गुणांपेक्षा मला ही वही जास्त बोलकी वाटते. एका बाबतीत मात्र मी आपल्या बाजूचा आहे: थुंकी, रक्त किंवा कुठलेही जंतू तिने घरच्या पेटीत वाढवू नयेत. ते काम सुरक्षिततेची व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवे. पाणी आणि तापमापक यांवर पुष्कळ शिकता येते.

यंत्राने नमुना उबवायचा म्हणजे काय करायचे, हेही आपण समजून घ्यावे, म्हणजे ‘खूळ’ हा शब्द पुन्हा लिहिताना हात थांबेल. रक्तात जंतू आहेत का हे पाहण्यासाठी रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवतात. १९९० पासून वापरात असलेल्या एका पद्धतीत बाटलीच्या तळाशी रंग बदलणारा संवेदक असतो; जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, संवेदक निळसर हिरव्याचा पिवळा होऊ लागतो, आणि यंत्र दर १० मिनिटांनी त्यावर प्रकाश टाकून तो बदल टिपते. रात्री तीन वाजता कोणी बाटली उचलून पाहण्याची गरज उरत नाही, आणि सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे जिवावर बेतलेल्या रुग्णासाठी ते तास फार महत्त्वाचे असतात. पण सगळे जंतू सारख्या वेगाने वाढत नाहीत. आतड्यात आढळणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयरोगाच्या जंतूला त्यासाठी १५ ते २० तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, म्हणून द्रव माध्यमातील त्याची नळी यंत्रात ४२ दिवसांपर्यंत ठेवावी लागते. इतके दिवस तापमान ढळू न देणारे आणि एका नळीचा निकाल दुसऱ्या रुग्णाच्या नावावर जाऊ न देणारे यंत्र बनवणे हे एकट्याच्या कल्पकतेचे काम नाही. त्यात इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिक रचना, प्रकाशमापन, संगणक प्रणाली, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारी माणसे एकत्र लागतात.

म्हणूनच पेटंटच्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. ते केव्हा मिळेल याचा हिशेब आज मांडणे निरर्थक आहे आणि या क्षेत्रातील पुष्कळ उत्तम माणसांच्या नावावर एकही पेटंट नसते. त्यांचा बराचसा काळ यंत्र चुकते कुठे, हे शोधण्यात आणि ते चुकत नाही हे कागदोपत्री सिद्ध करण्यात जातो. वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे आयएसओ १३४८५ आणि जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१ अशी मानके आहेत, आणि त्यांची शिस्त कंटाळवाणी वाटणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. मुलीलाही हे आताच सांगावे.

गुणांबद्दल थोडेसेच. जीवशास्त्रात ९१ आहेत म्हणजे ती डॉक्टर होण्यासाठीच जन्मली आहे, हा निष्कर्ष घाईचा आहे. तेच वाचन यंत्र बनवतानाही कामाला येते. गणितातील ७२ आणि भौतिकशास्त्रातील ६८ हे मात्र वाढायला हवेत, कारण तापमान नियंत्रण आणि मोजमापातील चूक या दोन्हींची भाषा गणिताचीच आहे. शाखा निवडताना माझे मत असे आहे की इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक्स किंवा यांत्रिकी यांपैकी एकीचा पाया आधी पक्का करावा आणि वैद्यकीय उपकरणांकडे पदव्युत्तर शिक्षणात वळावे. बायोमेडिकल अभियांत्रिकीची पदवी थेट घेणे चुकीचे नाही, पण काही ठिकाणी त्या अभ्यासक्रमात सगळ्याची तोंडओळख होते आणि एकही विषय हाताला लागत नाही. अभ्यासक्रम आणि तिथली प्रयोगशाळा पाहिल्याशिवाय प्रवेश घेऊ नये.

आणि ज्या वाटेचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, ती मला सुचवावीशी वाटते: वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम. त्याला आपण कमी लेखाल, हे मी गृहीत धरतो. परंतु नमुन्यात गुठळी असली की शोषणनळी कशी तुंबते, फेस आला की यंत्राला द्रवाची पातळी कशी चुकीची कळते, आदल्या नमुन्याचा अंश पुढच्यात जाऊन निकाल कसा फुगतो, हे तंत्रज्ञ रोज पाहतो. चुकांचा मोठा वाटा तर नमुना यंत्रात जाण्याआधीच घडलेला असतो: चुकीची नळी, अपुरे रक्त, उलटसुलट चिकटवलेले लेबल. यंत्र सुधारायचे असेल तर हे पाहिलेले डोळे लागतात. अभियांत्रिकीकडे गेली तरीही तिने हा अनुभव घ्यावाच.

तेव्हा माझी विनंती अशी की शाखेचा निर्णय थोडा बाजूला ठेवावा आणि ओळखीच्या एखाद्या पॅथॉलॉजिस्टची परवानगी घेऊन तिला काही दिवस त्यांच्या प्रयोगशाळेत, कशालाही हात न लावता, नुसते बसू द्यावे. नमुने कुठे रांगेत थांबतात, तंत्रज्ञ यंत्राची कोणती सूचना न वाचताच बंद करतात आणि कोणता निकाल पुन्हा तपासायला लावतात, एवढे तिने वहीत टिपावे. आपण सोबत जाऊ नये. त्यानंतर तिला काय वाटते ते तिनेच मला लिहावे. पत्र पाठवण्यापूर्वी आपण वाचले नाही तर अधिक बरे.

आपला,
करिअर मार्गदर्शक