मास्कची पिशवी फुगलीच नाही!

प्रश्न : ताई, दिल्लीहून पुण्याला येत होते. सोबत सहा वर्षांची लेक. जेवणाचे ट्रे गोळा होत असतानाच कानांत गच्च दडे बसले, वरचं झाकण फटकन उघडलं आणि पिवळे मास्क डोक्यावर लोंबायला लागले. इंजिनाचा आवाज जवळजवळ बंद, विमान थरथरत सरळ खाली! मी आधी लेकीला मास्क लावला. माझी पिशवी फुगलीच नाही, वर कसला तरी जळका वास. रेकॉर्ड केलेली सूचना सोडली तर कितीतरी वेळ कुणी अवाक्षर काढलं नाही. सुखरूप उतरलो. हे म्हणतात, ‘उतरलात ना, झालं तर मग!’ दिवाळीत नणंदेकडे बंगळूरला जायचंय आणि तिकिटाचा विषय निघाला की माझे हातपाय गार पडतात.
– एक आई, मिरज

उत्तर : चोवीस वर्षं केबिन क्रूमध्ये काढली, पण मास्क खरोखर पडलेले मी एकदाच पाहिले. तेव्हा पाय माझेही लटपटले होते. त्यामुळे ‘झालं तर मग’ मी म्हणणार नाही.

तुमच्या विमानातला हवेचा दाब गेला होता. 35,000 फुटांवर उडतानाही आतली हवा साधारण 8,000 फुटांवर असते तितपत दाट ठेवलेली असते. ती 14,000 फुटांइतकी विरळ झाली की मास्क आपोआप पडतात. मग पायलट स्वतःचे मास्क चढवतात, इंजिनाची ताकद अगदी कमी करतात, पंखांवरच्या फळ्या उभ्या करतात आणि 10,000 फुटांकडे निघतात, कारण तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. थरथर त्या फळ्यांची. विमान पडत नव्हतं, उतरवलं जात होतं. बोलायला त्यांना त्या वेळी सवड नसते. आम्हीही ट्रॉली अडवून जवळचा मास्क गाठतो. ओळीत तीन सीट असल्या तरी मास्क चार असतात. मी एका आजोबांच्या पायाशी जमिनीवर बसले होते. त्यांनी माझा हात धरला होता की मी त्यांचा, आता आठवत नाही.

वास डोक्यावरच्या डब्याचा. मास्क ओढला की त्यातलं सोडियम क्लोरेट तापून ऑक्सिजन सोडतं. तो बारा-पंधरा मिनिटं पुरतो, म्हणजे खाली पोचेपर्यंत भरपूर. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. हे आम्ही प्रत्येक उड्डाणात सांगायचो हो, पण समोर सगळे मोबाइलमध्ये!

आता एक बोलते, रागावू नका. मास्क आधी स्वतःला. इतक्या उंचीवर दाब एकदम गेला तर शुद्ध अर्धा ते एक मिनिटच टिकते, आणि ती जातेय हे आपल्याला कळतही नाही. लेक क्षणभर मलूल झाली तर तुम्ही तिला मास्क लावाल. तुम्ही कोसळलात तर सहा वर्षांची पोर काय करणार?

दाब का गेला, हे कंपनीला लेखी विचारा. कधी यंत्र बिघडतं, कधी माणूस चुकतो. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात दाबासाठीची बटणंच सुरू करायची राहिली होती. काही प्रवाशांच्या नाकातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परतलं.

बंगळूरला जाताना विमानात शिरल्या शिरल्या क्रूला सांगा, ‘मागे मास्क पडले होते, भीती वाटते.’ कुणी हसणार नाही. यजमानांना शेजारी बसवा. आणि कानांत अजून दडे बसत असतील, तर तिकिटाआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. लेकीचेही कान तपासून घ्या.