टँकमध्ये फॉस्फेट येतंय कुठून?

प्रश्न: माझा ६० लिटरचा खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे, फॉस्फेट ०.५ पीपीएम दाखवतंय, दर रविवारी पाणी बदलूनही हिरवं शेवाळ हटत नाही, काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: अहो, आधी केमिकल आणायला धावू नका, फॉस्फेट येतंय कुठून ते शोधा, नाहीतर काढाल तेवढं परत येईल. टेस्ट किट आहेच ना, मग टँकचं सोडून बाकी सगळं तपासा. पहिलं आरओचं पाणी, मग त्यातच मीठ कालवलेलं ताजं पाणी. नाशिकमध्ये बरेच जण घरचा पिण्याचा आरओ वापरतात आणि इथेच घोळ होतो, कारण बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस अ‍ॅडजस्टर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, तो पूर्ण बंद करा, मेम्ब्रेनही जुना झालाय का बघा.

ही दोन्ही पाणी शून्याजवळ आली तर दोष टँकच्या आतच आहे. फ्रोझन खाणं वितळल्यावरचं पाणी टँकमध्ये ओतता का? गाळून फेकून द्या, आणि खाणंही कमी करा. नंतर टँकमधला एक दगड काढून बिनफॉस्फेटच्या खाऱ्या पाण्यात बादलीत २४ तास ठेवा, आकडा चढला तर दगडच फॉस्फेट सोडतोय, ते सगळं सुटून संपायला महिनोन्‌महिने लागतात हो.

आणि एक, शेवाळ भरपूर असेल तर तेच फॉस्फेट खातं, म्हणजे खरी आवक किटच्या आकड्यापेक्षा जास्तच. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) शेवटी, तेही थोडं थोडं टाका. कोरल असतील तर फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमपर्यंत हळूहळू आणा, एकदम खाली आणलंत तर कोरलला झटका बसतो.