वाचकांचे प्रश्न : प्रबंध शोधताना

गेल्या दोन महिन्यांत प्रबंधांच्या शोधाविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहते. दक्षिण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या या विषयावर पीएच.डी. करण्याचा विचार आहे. या विषयावर आधी काय काम झाले आहे ते पाहून ये, असे मार्गदर्शकांनी सांगितले आहे. गूगलवर शोधले तर दोन-तीन लेखांपलीकडे काही हाती लागत नाही. पूर्वी कोणी प्रबंधच लिहिला नाही असे समजावे काय?

तसे मुळीच समजू नये. आपल्याकडे प्रबंध असतात, पण ते ज्या नावाने नोंदवले गेले ते नाव आपल्या मनातल्या शब्दाशी जुळत नाही. म्हणून शोध शब्दापासून सुरू करण्याऐवजी विद्यापीठापासून सुरू करावा, असे माझे पहिले सांगणे आहे.

भारतीय विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांचा सर्वांत मोठा खुला साठा म्हणजे शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र तो चालवते. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याचा नियम आयोगाने २००९ साली केला आणि त्यानंतर विद्यापीठे एकामागून एक यात सहभागी झाली. प्रबंध वाचण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, खातेही उघडावे लागत नाही. तेथे विद्यापीठ, विभाग, संशोधक, मार्गदर्शक, शीर्षक अशा वेगवेगळ्या वाटांनी यादी पाहता येते. आपण शोधाची चौकट तूर्त बाजूला ठेवा, विद्यापीठांच्या यादीतून शिवाजी विद्यापीठ निवडा, मराठी विभाग उघडा आणि शीर्षकांची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. एक दुपार जाईल, पण त्या दुपारी जे सापडेल ते महिनाभर शब्द बदलून शोधले तरी सापडणार नाही.

याचे कारण रोमन लिपीत आहे. पुष्कळ नोंदी रोमन अक्षरांत केलेल्या आहेत आणि मराठी शब्द रोमनमध्ये कसा लिहावा याचा एकच एक नियम कोणी पाळलेला नाही. आपलाच शब्द घ्या. ‘ओवी’ कोणी ओ-व्ही-आय असा लिहितो, कोणी ओ-डब्ल्यू-आय, कोणी शेवटी दोनदा ई लावतो, तर कोणी अनेकवचन म्हणून ‘ओव्या’ लिहितो आणि त्याची आणखी तीन रूपे होतात. ‘ज्ञानेश्वरी’ची तर गोष्टच सोडा. पहिले अक्षर डी-एन-वाय, जे-एन आणि जी-वाय अशा तिन्ही प्रकारे लिहिलेले मी पाहिले आहे, आणि एका रूपाने शोधणाऱ्याला उरलेल्या दोन रूपांतले प्रबंध दिसतही नाहीत. काही नोंदी मात्र देवनागरीत आहेत, म्हणून तोच शब्द देवनागरीत टंकूनही पाहावा. शिवाय आपला विषय ‘ओवी’ या नावाखालीच असेल असे नाही. ‘लोकसाहित्य’, ‘लोकगीते’, ‘मौखिक परंपरा’, ‘स्त्रीगीते’, एवढेच काय, समाजशास्त्र विभागात ‘ग्रामीण स्त्रीजीवन’ या शीर्षकाखालीही जात्यावरच्या ओव्यांचे एखादे प्रकरण दडलेले असू शकते.

विद्यापीठांचा इतिहासही येथे कामाला येतो. दक्षिण महाराष्ट्र म्हणताना सोलापूरही आपल्या डोळ्यांसमोर असेल. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्याआधी तेथील महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे २००४ पूर्वीचे सोलापूरकर संशोधकांचे काम कोल्हापूरच्या यादीत पाहावे लागते. शिवाजी विद्यापीठ स्वतः १९६२चे. त्याआधीच्या कामासाठी १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडे आणि त्याच्याही मागे मुंबईकडे जावे लागते. हेच इतरत्रही लागू आहे. अमरावतीचे जुने काम नागपूरला, जळगावचे पुण्याला, नांदेडचे औरंगाबादला पाहावे, आणि १९५८ पूर्वीच्या मराठवाड्यासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला विसरू नये. गोवा विद्यापीठ १९८५चे, त्यापूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. विद्यापीठांची नावे बदलली आहेत हेही ध्यानात असू द्या. वर्णानुक्रमाच्या यादीत ‘पुणे’ शोधणाऱ्याला ‘सावित्रीबाई फुले’ या नावापाशी जावे लागते, आणि ‘सोलापूर’ शोधणाऱ्याला ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी’ या नावापाशी.

एखादा जवळचा प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकांच्या नावाने पुन्हा शोध घ्या. लोकसाहित्यावर एक प्रबंध करवून घेणाऱ्या प्राध्यापकांनी त्याच परिसरातले आणखी तीन-चार प्रबंध करवून घेतलेले असतात. मार्गदर्शकाचे नाव हा आपल्याकडच्या संशोधनातला सर्वांत भरवशाचा धागा आहे, असे मी अनुभवाने सांगतो.

आता प्रबंध उघडल्यावर काय दिसते ते सांगतो, कारण बरेच जण तेथूनच परत फिरतात. शोधगंगेवर प्रबंध एका सलग फाइलमध्ये नसतो, तुकड्यांत असतो. शीर्षकपान, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, शेवटी संदर्भसूची, अशा क्रमांक घातलेल्या फाइली एकाखाली एक दिसतात. क्रमांक ८०ची ‘रेकमेंडेशन’ नावाची फाइल असेल तर ती आधी उघडा, तीत बहुधा निष्कर्षांची पाने असतात. त्यानंतर अनुक्रमणिका आणि मग संदर्भसूची वाचा. प्रकरणे सर्वांत शेवटी. संदर्भसूचीत ज्या अप्रकाशित प्रबंधांची नावे मिळतील ती वेगळी लिहून ठेवा, कारण ती आपल्याला कोणत्याही शोधयंत्राने दिली नसती.

मराठी प्रबंधांत आणखी एक अडचण हमखास येते. युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत, रुळण्यापूर्वीचे, आणि त्यानंतरचेही कितीतरी प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले आहेत. पडद्यावर अक्षर सुरेख मराठी दिसते, पण त्याच्या पोटात रोमन चिन्हे असतात. त्यामुळे फाइलमध्ये ‘जाते’ हा शब्द शोधला तर एकही जागा सापडत नाही, आणि उतारा उचलून दुसरीकडे चिकटवला तर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. काही प्रबंध तर नुसती पानांची छायाचित्रे आहेत. अशी फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर युनिकोड मराठीत बराचसा उतरतो. मोठी फाइल असेल तर हवी तेवढीच पाने वेगळी करून चढवावीत. जोडाक्षरे आणि रफार मात्र मूळ पानाशी एकेक करून ताडून पाहावे लागतात. ओव्यांच्या बाबतीत तर हे फार जपून करा, कारण बोलीतला ‘म्हनूनी’ हा शब्द यंत्राच्या किंवा आपल्या हातून नकळत ‘म्हणूनी’ झाला, तर ज्या स्त्रीने ती ओवी म्हटली तिचा उच्चारच हरवतो.

आपल्याच विषयावर सध्या कोणी काम करत आहे का, हे पाहण्यासाठी शोधगंगोत्री हा जोडसाठा आहे. त्यात चालू संशोधनाचे मान्य आराखडे ठेवलेले असतात. विषय नक्की करण्यापूर्वी तेथे एकदा जाऊन यावे.

प्रश्न : मी कृषी पदवीधर असून डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगावर विद्यापीठांत झालेले संशोधन मुळातून वाचायचे आहे. शोधगंगेवर फारसे मिळाले नाही.

कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी वेगळे दार आहे. त्याचे नाव कृषिकोश. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या छत्राखालचा हा साठा असून राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चारही कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की तेथे पीएच.डी.बरोबर एम.एस्सी.चेही प्रबंध मिळतात. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने दोन हंगाम एका प्रक्षेत्रावर फवारण्यांची तुलना केलेली असते, आणि तुम्हाला नेमके तेच हवे असते.

शोधताना ‘तेल्या’ हा शब्द उपयोगी पडणार नाही. रोगाचे इंग्रजी नाव ‘बॅक्टेरियल ब्लाइट’, जिवाणूचे शास्त्रीय नाव ‘झॅन्थोमोनास’ आणि पिकाचे शास्त्रीय नाव ‘प्युनिका ग्रॅनॅटम’ यांपैकी दोन शब्द एकत्र टाकून शोधा. शास्त्रीय नावाचा फायदा हा की त्याचे स्पेलिंग प्रत्येक विद्यापीठात एकच राहते. ‘भगवा’ या वाणाचे स्पेलिंग मात्र दोन-तीन तऱ्हांनी करून पाहा. प्रबंध उघडल्यावर प्रयोग कोणत्या ठिकाणी, कोणत्या बहारात आणि किती झाडांवर झाला ते ‘साहित्य आणि पद्धती’ या प्रकरणात आधी वाचा. मृग बहारातल्या दमट हवेत मिळालेला निष्कर्ष आपल्या हस्त बहाराला तसाच्या तसा लावता येत नाही. फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची चालू शिफारस जरूर पाहावी, कारण प्रबंधातील औषध आज शिफारशीत असेलच असे नाही.

प्रश्न : महाराष्ट्राविषयी परदेशी विद्यापीठांत झालेले प्रबंध घरबसल्या वाचता येतील काय? मी निवृत्त शिक्षक आहे, कोणत्याही विद्यापीठाचा सदस्य नाही.

पुष्कळसे येतील, सगळे येणार नाहीत. देशागणिक व्यवस्था वेगळी आहे.

अमेरिकेत १९३८ साली मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही कंपनी सुरू झाली आणि पुढे तेथील विद्यापीठांचे प्रबंध सूक्ष्मपटावर घेऊन त्यांच्या प्रती विकण्याची पद्धत रूढ झाली. तोच संग्रह आज प्रोक्वेस्ट या नावाने चालतो. त्यातील पूर्ण प्रबंध सहसा वर्गणीदार ग्रंथालयांतूनच वाचता येतो. महाराष्ट्राच्या अभ्यासाला या व्यवस्थेचे ऋण मोठे आहे. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ साली सादर केलेला प्रबंध पुस्तकरूपाने येण्यास कितीतरी वर्षे लागली, पण त्या काळातही अभ्यासक त्या अप्रकाशित प्रबंधाचाच हवाला देत राहिले. आपल्यासारख्या स्वतंत्र वाचकाने आधी ओएटीडी या खुल्या सूचीत शोधावे. ती जगभरच्या विद्यापीठांच्या खुल्या साठ्यांतील नोंदी एकत्र दाखवते आणि पूर्ण प्रबंध जेथे ठेवला आहे तेथे थेट पोहोचवते. एनडीएलटीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेची सूचीही अशीच आहे.

ब्रिटनसाठी ब्रिटिश लायब्ररीची ‘इथॉस’ ही सूची वर्षानुवर्षे सर्वांची पहिली पायरी होती. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि ही सेवा बंद पडली. त्यामुळे जुन्या लेखांत ‘इथॉसवर पाहा’ असा सल्ला दिसला तरी त्यावरच विसंबून राहू नये. त्याऐवजी ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडनचे सोआस अशा संस्थांच्या स्वतःच्या साठ्यांत जावे. प्रबंध मुळात तेथेच ठेवलेले असतात. फ्रान्सचे प्रबंध राष्ट्रीय सूचीत मिळतात आणि युरोपातील अनेक विद्यापीठांसाठी मिळून डार्ट-युरोप हे एकत्रित दार आहे.

शोधशब्दांविषयी एक सूचना. परदेशी अभ्यासकांच्या जुन्या प्रबंधांत ‘महाराष्ट्र’ हा शब्द शीर्षकात नसतोच. ‘वेस्टर्न इंडिया’, ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, ‘डेक्कन’, ‘मराठा’ हे शब्द लावून पाहा. पंढरपूरचे रोमन स्पेलिंगही दोन-तीन प्रकारे करून पाहा.

प्रश्न : मला हवा असलेला प्रबंध १९७०च्या दशकातील आहे आणि तो कोणत्याही संकेतस्थळावर नाही. आता काय करावे? आणि सापडलेल्या प्रबंधातील मजकूर माझ्या लेखात वापरता येतो का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. शोधगंगेवरील प्रबंध क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. मूळ लेखकाला श्रेय देऊन, व्यापारी हेतू नसताना आणि आपले काम त्याच अटींवर खुले ठेवून तो मजकूर वापरता येतो. उतारा घेताना संशोधकाचे नाव, शीर्षक, विद्यापीठ, वर्ष आणि पृष्ठक्रमांक द्यावा. त्याबरोबर नोंदीत दिलेला कायमचा दुवा द्यावा. शोधगंगेच्या या दुव्यात १०६०३ हा आकडा आणि त्यापुढे त्या प्रबंधाचा स्वतःचा क्रमांक असतो. संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो टिकावा अशी सोय असते. ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता उतरवू नये. इतर साठ्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या प्रत्येक नोंदीत पाहाव्यात.

आता जुन्या प्रबंधाविषयी. प्रथम तो पुस्तक म्हणून छापला गेला का ते पाहा. आपल्याकडच्या चांगल्या प्रबंधांची पुढे पुस्तके झाली आहेत, शीर्षक मात्र बहुधा बदललेले असते. डॉ. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला, आणि आज तो महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनसंग्रहाच्या सहाव्या खंडात कोणालाही वाचता येतो. मूळ टंकलिखित शोधत बसण्याची तेथे गरज नाही.

पुस्तक नसेल तर ज्या विद्यापीठाने पदवी दिली त्याच्या ग्रंथालयाच्या प्रबंध विभागाला पत्र लिहा. पुण्याचे असेल तर जयकर ग्रंथालय, ज्याचे नाव आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे. पत्रात संशोधकाचे पूर्ण नाव, वर्ष, विभाग आणि मार्गदर्शकांचे नाव द्या. वर्ष नक्की नसेल तर ‘१९७२ ते १९७६च्या दरम्यान’ असे लिहा. ‘लोकसाहित्यावरचा जुना प्रबंध हवा’ एवढेच लिहिलेल्या पत्राला उत्तर देणे कोणत्याही ग्रंथपालाला शक्य नसते. बाहेरच्या वाचकाला तेथे बसून वाचण्याची परवानगी सहसा मिळते, त्यासाठी ओळखपत्र आणि आपल्या महाविद्यालयाचे किंवा एखाद्या ग्रंथालयाचे शिफारसपत्र सोबत ठेवा. संशोधक किंवा त्यांचे कुटुंबीय हयात असतील तर त्यांच्याकडेही विचारणा करावी. एका वाचकाला विद्यापीठाकडे न मिळालेला प्रबंध संशोधकाच्या घरी मिळाला. कापडी बांधणीची कार्बन प्रत माळ्यावरच्या ट्रंकेत होती आणि तिच्या समासात परीक्षकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा तशाच होत्या. अशी प्रत हाती आली तर ती ट्रंकेत परत जाऊ देऊ नका. कुटुंबाची लेखी संमती घ्या, पाने सपाट ठेवून नीट स्कॅन करा आणि एक प्रत त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पाठवा. सोबतच्या पत्रात ‘ही प्रत शोधगंगेवर ठेवावी’ अशी विनंती स्पष्ट शब्दांत करा.