वाचक विचारतात : प्लगइन शोधावं कसं?

या अंकासाठी आलेले बहुतेक प्रश्न वर्डप्रेसचेच, म्हणजे ब्लॉग आणि साइट बनवायच्या त्या सॉफ्टवेअरचेच, आणि त्याला जादा सोयी जोडणाऱ्या प्लगइन्सचे आहेत, म्हणून या वेळी तेवढेच घेते. ब्लॉगरचे आणि मोबाईलचे पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, वर्डप्रेसवर मी कथांचा ब्लॉग सुरू केलाय. ‘ही पंधरा प्लगइन्स हवीतच’ अशा याद्या वाचल्या. प्रत्येक यादीत नावं वेगळी! तुम्ही तरी एक खात्रीची यादी द्या.

उत्तर : यादी देत नाही, रागावू नका. अशा पुष्कळ याद्यांमधल्या लिंकवर लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. शिवाय तुमचा ब्लॉग कथांचा आहे की कपडे विकायचा, हे त्याला ठाऊक नसतं. त्यापेक्षा कागद घ्या आणि ब्लॉगवर तुमचं काय अडतंय ते पूर्ण वाक्यात लिहा. ‘एसईओ (गूगलच्या शोधात वर येणं) हवं’ हे वाक्य नव्हे. ‘वाचकाने लिहिलेला निरोप माझ्या मेलवर यावा’ हे वाक्य. असं वाक्य सुचत नसेल, तर प्लगइनही तूर्त नको.

वाक्य झालं की आधी पाहायचं, हे काम वर्डप्रेस स्वतःच करतं का? जुन्या याद्या इथेच गोत्यात आणतात. सर्च इंजिनसाठीचा साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, आणि वाचक खाली सरकेल तसतसे फोटो लोड होणं, या दोन्ही सोयी २०२० मधल्या ५.५ आवृत्तीपासून मुळातच आहेत. वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारचे फोटो २०२१ च्या ५.८ पासून थेट चढवता येतात. तक्ता, रकाने, बटण, यूट्यूबचा व्हिडिओ हे सगळं एडिटरमध्येच मिळतं. तरीही यातल्या प्रत्येक कामासाठी वेगळं प्लगइन घातलेल्या साइट्स माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

मग कथांच्या ब्लॉगला उरतं काय? बॅकअप, स्पॅम आणि संपर्काचा फॉर्म. बॅकअपसाठी अपड्राफ्टप्लसची मोफत आवृत्ती पुरते. फक्त बॅकअप गूगल ड्राइव्हसारख्या बाहेरच्या जागी पाठवा. साइट आणि तिचा बॅकअप एकाच सर्व्हरवर ठेवले, तर दोन्ही एकदमच जातील. स्पॅम कॉमेंट्ससाठी अकिस्मेट. घरगुती, बिनकमाईच्या ब्लॉगला ते फुकट मिळतं. जाहिराती लावल्यात तर पैसे भरावे लागतात.

फॉर्मसाठी काँटॅक्ट फॉर्म ७ साधं आणि हलकं आहे, पण त्याची एक खोड माहीत हवी. ते आलेला निरोप मेल करतं आणि विसरून जातं, स्वतःकडे नोंद ठेवत नाही. मेल वाटेत गहाळ झाला की निरोपही गेला. त्याच लेखकाचं फ्लेमिंगो सोबत बसवलं, तर प्रत्येक निरोप साइटच्या डेटाबेसमध्ये राहतो. मेल वारंवार स्पॅममध्ये पडत असतील, तर दोष बहुधा फॉर्मचा नसतो. सर्व्हरवरून थेट सुटलेल्या मेलवर मेल कंपन्या विश्वास ठेवत नाहीत. त्यावर उपाय एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीचं) प्लगइन. ते तुमच्या खऱ्या मेलखात्यातून, पासवर्ड देऊन मेल पाठवतं.

प्रश्न : प्लगइन शोधायला गेलं की एकाच कामाची शेकड्याने निघतात. मी तारे बघून निवडतो. बरोबर आहे ना?

उत्तर : तारे मी सगळ्यात शेवटी बघते. पुष्कळ प्लगइन्स बसवल्यावर आठवड्याभरात ‘आवडलं का? पाच तारे द्या’ म्हणून पट्टी दाखवतात, आणि खूश माणूस तेव्हाच तारे देऊन मोकळा होतो. दोन वर्षांनी ते प्लगइन बिघडलं, तरी जुने तारे तसेच चमकत राहतात.

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात साठ हजारांच्या आसपास मोफत प्लगइन्स आहेत, तेव्हा चाळणी कडकच हवी. शोध इंग्रजी शब्दांत घ्या, कारण माहिती बहुतांश इंग्रजीतच लिहिलेली असते. मग प्लगइनच्या पानावर उजवीकडे बघा. शेवटचं अपडेट कधीचं? कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय? हा दुसरा आकडा लेखकाने स्वतःच लिहिलेला असतो, म्हणून तो एकटा पुरावा धरू नका. पण वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नाही अशी सूचना पानाच्या माथ्यावरच दिसली, तर पुढे वाचायची गरज नाही.

नंतर सपोर्टच्या भागात जा. माझा खरा वेळ इथे जातो. प्रश्न किती आहेत हे मोजू नका, उत्तरं येतात का ते बघा. भरपूर तक्रारी आणि प्रत्येकीखाली लेखकाचं उत्तर, असं प्लगइन मला चालतं. तक्रार एकच, पण तिला सहा महिने कोणी विचारलेलं नाही, असं नको. मग एक आणि दोन ताऱ्यांचे ताजे अभिप्राय वाचा. ‘नव्या आवृत्तीत फुकटची सोय काढून घेतली’ असं तीन-चार जण म्हणत असतील, तर उद्या तुमच्यावरही तीच पाळी आहे.

बदलांच्या नोंदीही चाळा, विशेषतः मालक बदलला असेल तर. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स नावाचं सुमारे दोन लाख साइट्सवरचं प्लगइन विकलं गेलं आणि नव्या मालकाने अपडेटमधून साइट्सवर स्पॅम मजकूर घुसवणारा कोड पाठवला. त्याच वर्षाच्या शेवटी तीन लाख साइट्सवरच्या कॅप्चा नावाच्या प्लगइनमध्ये, तेही मालक बदलल्यावर, चोरदरवाजा सापडला. हे घडू शकतं, कारण नवं प्लगइन संग्रहात घेताना तपासलं जातं, पण नंतरचं प्रत्येक अपडेट कोणी बसून वाचत नाही.

इतकं करून दोन-तीन उरली, की काही प्लगइन्सच्या पानावर असलेलं प्रिव्ह्यूचं बटण दाबा. तुमच्या ब्राउझरमध्येच एक तात्पुरती वर्डप्रेस साइट उघडते. तिथे हवी तेवढी मोडतोड करा. टॅब बंद केला की सगळं जातं.

प्रश्न : लेखाची लिंक कुणाला पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते, आणि शीर्षक अर्धवट तुटलेलं असतं. यावर कोणतं प्लगइन आहे?

उत्तर : कोणतंही नको. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस लिंकही देवनागरीत बनवतं. लिंकमध्ये देवनागरीचं एक चिन्ह टक्क्यांच्या खुणांत लिहिलं जातं, त्यामुळे नऊ जागा खातं, आणि मर्यादा आहे २०० जागांची. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. एकट्या ‘क्ष’ची तीन होतात. चार शब्दांतच कात्री लागते.

लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत स्लग (लिंकचा शेवटचा भाग) या जागी रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः टाइप करा, इतकंच. जुन्या पोस्टचा स्लग बदलला तरी वर्डप्रेस जुन्या लिंकवरून वाचकाला नव्या जागी आपणहून नेतं. मात्र ही सोय पोस्टला आहे, पेजला नाही. ‘आमच्याविषयी’सारख्या स्थिर पानाचा, म्हणजे पेजचा, स्लग बदलणार असाल, तर रीडायरेक्शन हे प्लगइन घ्या. बघा, शेवटी एक निघालंच!

प्रश्न : एक प्लगइन अपडेट केलं आणि साइट बंद. आत लॉगिनही होत नाही.

उत्तर : आधी मेल बघा. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून असा घोटाळा झाला की वर्डप्रेस साइटच्या ॲडमिन पत्त्यावर एक खास लिंक पाठवतं. तिच्यावरून आत गेलात की दोषी प्लगइन तुमच्यापुरतं थांबवलेलं असतं. ते बंद करा. मेल आलाच नाही, तर होस्टिंगच्या, म्हणजे साइट ठेवलेल्या कंपनीच्या, फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट (wp-content) फोल्डर उघडा, त्यात प्लगइन्स, आणि संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. फोल्डर सापडला नाही की वर्डप्रेस ते प्लगइन आपोआप बंद करतं.

दोषी कोण हेच कळत नसेल, पण साइट कशीबशी चालू असेल, तर हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे प्लगइन बसवा. त्यात सगळी प्लगइन्स फक्त तुमच्यासाठी बंद करून एकेक चालू करून बघता येतं. वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसत राहते.

प्रश्न : विकतचं प्लगइन एक जण फुकट देतोय. जीपीएल हा मुक्त वापराचा परवाना असल्यामुळे ते कायदेशीर आहे, असं सांगतो. घेऊ का?

उत्तर : जीपीएलमध्ये कोड पुढे वाटायला परवानगी आहे, हे खरं. पण त्या प्रतीत मधल्या माणसाने काय मिसळलंय ते तुम्ही वाचणार आहात का? आणि मूळ लेखकाकडून अपडेट मिळणार नाही ते वेगळंच. घेऊ नका.

प्रश्न : साइटवर जास्तीत जास्त किती प्लगइन्स चालतात?

उत्तर : आकडा नसतो. एखादं जड प्लगइन वीस हलक्यांपेक्षा साइटला जास्त रखडवतं. क्वेरी मॉनिटर हे प्लगइन बसवलं, तर पान उघडताना डेटाबेसकडे कोण किती फेऱ्या मारतंय ते प्लगइनवार दिसतं. एकदा बघून घ्या आणि मग ते बंद करा. बंद करून ठेवलेली जुनी प्लगइन्सही काढून टाका. ती चालत नसली तरी त्यांच्या फाइल्स सर्व्हरवर असतात, आणि भोकं शोधणारा त्या फाइल्सही तपासतो. मात्र डिलीट करताना काही प्लगइन्स आपला साठवलेला मजकूरही पुसतात, म्हणून आधी बॅकअप घ्या.