मांडणी म्हणू, चौकट की रचना?

अमळनेरच्या एका फोटोग्राफर भाऊंचा प्रश्न: मराठीतून फोटोग्राफीचा वर्ग घेतोय, ‘कंपोझिशन’ला, म्हणजे फोटोत काय कुठे बसवायचं त्याला, काय म्हणू, आणि ‘व्हिजन’ला ‘दृष्टिकोन’ चालेल का?

‘रचना’ चुकीचा नाही, पण वाक्यरचना नि काव्यरचना वाहून वाहून तो शब्द पार दमलाय. मी त्याच्या जागी दोन शब्द वापरतो: मांडणी आणि चौकट.

मांडणीला हात लागतो. आपण भातुकली मांडतो, पट मांडतो, संसार मांडतो. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जातात. स्टेशनजवळच्या बंगल्यात, टेबलावर वस्तू ठेवून, उजेड हवा तसा पाडून त्यांनी देखावेच्या देखावे उभे केले. बंगल्याबाहेर ते क्वचितच पडत. बाहेरचं जग त्यांनी टेबलावर आणलं म्हणा ना. त्यांच्या कामाला ‘मांडणी’ म्हणावं, दुसरा शब्द शोधू नये.

रावेरच्या केळीबागेत मात्र घड सरकवता येत नाही. आपणच दोन पावलं मागे होतो, उकिडवे बसतो, विजेचा खांब कडेला कापतो. काय ठेवायचं नि काय गाळायचं, एवढंच हातात. ही चौकट. दाराच्या चौकटीतून जेवढं अंगण दिसतं तेवढंच आपलं, तसं.

‘दृष्टिकोन’ नको. फोटोग्राफीत कोन खरोखरचा असतो, कॅमेरा खाली धरला की वर, हा; त्यामुळे पोरं गोंधळतील. शिवाय ‘सकारात्मक दृष्टिकोन’वाल्या भाषणांनी त्या शब्दाची पुरती वाट लावलीय. ‘दृष्टी’ चालेल, पण जरा सोवळ्यातली. माझी पसंती ‘नजर’ला. शब्द अरबी, फारसीतून आलेला, आता पक्का घरचा. नजर बसते, तयार होते, मरतेही. जळगावच्या सराफ्यातल्या नवख्या पोराला विचारा, नजर बसायला किती दिवस लागतात ते. ‘या फोटोत तुझी नजर दिसत नाही’ म्हटलं की विद्यार्थ्याला बरोबर लागतं.

जाता जाता: आपल्या अहिराणीत आजही ‘देख’ म्हणतात. प्रमाण मराठीत ते क्रियापद मागे पडलं, ‘देखणा’ उरला. तोही पाहणारा नव्हे, पाहण्याजोगा! फोटो देखणा आणि काढणाऱ्याला नजर नाही, असे नमुने रोज मोबाईलवर येतातच.

आणि ‘चौकट’ म्हटल्यावर कुणी पत्त्यातली बदामाशेजारची चौकट समजलाच, तर खुशाल ‘फ्रेम’ म्हणा. लग्नाचं शूटिंग करणारी आपली पोरं ‘फ्रेम लाव’ असंच म्हणतात, आणि त्यांचं काही अडत नाही.