"आई, घरी कधी जायचं?"

साडेचार वर्षांच्या एका मुलीचे आईवडील माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना स्वतः बांधलेल्या घरात राहायला जाऊन पाच आठवडे झाले होते. मुलगी रात्री एकटी झोपत नव्हती, आई नजरेआड झाली की रडत होती आणि नव्या घरातल्या शौचालयात बसायला ठाम नकार देत होती. मात्र आईच्या जिव्हारी लागले होते ते रोज संध्याकाळी न चुकता येणारे एक वाक्य : "आई, आता घरी कधी जायचं?" "तिच्यासाठीच तर हे सगळं उभं केलं," असे वडील म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना. आपण मुलीचे कायमचे नुकसान तर करून बसलो नाही ना, ही त्या दोघांची खरी भीती होती. घर बदललेल्या अनेक पालकांकडून ती मी ऐकत आले आहे.

शौचाची तक्रार मात्र मी केवळ मनाची मानली नाही. शी दाबून ठेवली की मळ घट्ट होतो, घट्ट झाला की दुखतो आणि दुखतो म्हणून मूल ती पुन्हा दाबते. हे चक्र समजूत घालून तुटत नाही, म्हणून त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. औषध सुरू झाले आणि बसताना पाय अधांतरी लोंबू नयेत म्हणून पायांखाली छोटे स्टूल आले.

पुढच्या भेटीत मुलीसमोर मी ठोकळे आणि चार बाहुल्या ठेवल्या. तिने भिंती रचल्या, आईबाबांच्या बाहुल्या आत नेल्या आणि लहान बाहुली बाहेर उभी केली. तिला आत घ्यायचे का, असे मी विचारताच तिने हात आडवा धरला आणि मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "मागे हो. ओलं आहे."

ते शब्द ऐकून आईचे डोळे भरून आले. बांधकाम दीड वर्ष चालले होते. स्लॅब, गिलावा, फरशी, रंग अशा प्रत्येक टप्प्यावर मुलीला तिथे नेले जाई आणि प्रत्येक वेळी तिच्या वाट्याला तेच शब्द येत. आईबाबा मिस्त्रीशी बोलण्यात गुंतलेले असत आणि ती वाळूच्या ढिगाजवळ थांबलेली असे. शिवाय "नव्या घरी जाऊ या" असे म्हणून निघालेली प्रत्येक फेरी संध्याकाळी जुन्या घरी परतूनच संपत असे. मग पाच आठवडे कोणी परत नेत नाही म्हटल्यावर "घरी कधी जायचं" हा प्रश्न हट्टाचा कसा म्हणायचा? दीड वर्षाच्या अनुभवातून काढलेला तो अगदी सरळ निष्कर्ष होता. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण 2 ते 7 वर्षांच्या मुलांच्या विचारपद्धतीचे जे वर्णन केले आहे, त्यात मूल डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टींवरून तर्क बांधते. घर "पूर्ण झाले" ही मोठ्यांची कल्पना त्याला कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून मी पालकांना नव्या घराचे गुण गाणे थांबवायला सांगितले. प्रश्न आला की आधी "तुला त्या घराची आठवण येते ना?" एवढेच म्हणावे आणि मग आता आपण इथेच झोपणार, इथेच उठणार, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. जुन्या घरमालकांची परवानगी घेऊन तिला एकदा त्या रिकाम्या खोल्या दाखवाव्यात, कारण आपले सामान अजून तिथेच आहे, असे तिला वाटत असणे शक्य होते. नव्या घरात आईने तिचा हात धरून एकेका भिंतीला तिचा तळवा टेकवावा आणि "बघ, वाळलं" असे म्हणावे. वडिलांनी रोज अर्धा तास, फोन बाजूला ठेवून, तिच्याबरोबर जमिनीवर बसावे. मला विचाराल तर हे अर्धा तास बसणेच सर्वांत महत्त्वाचे होते, कारण जुने घर सुटण्याच्या कितीतरी आधी तिचे आईबाबा बांधकामाच्या धावपळीत तिच्या हातून सुटले होते.

एक चूक सुदैवाने सुधारता आली. नव्या खोलीला शोभत नाही म्हणून तिची विरलेली चादर एका खोक्यात बांधून माळ्यावर टाकली होती. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुलाला जिवलग झालेल्या अशा वस्तूंचे मोल सांगितले आहे. ती वस्तू धुतली तरी मुलाच्या अनुभवातले सातत्य तुटू शकते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून चादर काढा, पण इतक्यात धुऊ नका, असे मी आईला बजावले.

जुन्या घरी गेल्यावर मुलगी रडली नाही. आपला पलंग असायचा त्या कोपऱ्यात थोडा वेळ बसली आणि मग स्वतःच दाराकडे निघाली. शौचाचा त्रास हळूहळू कमी झाला. झोपेला अधिक वेळ लागला आणि काही आठवडे वडिलांची गादी तिच्या खोलीतच राहिली. शेवटच्या भेटीत आईने सांगितले की, घर पाहायला आलेले पाहुणे उंबऱ्याशी घुटमळले, तेव्हा ही आतून धावत आली आणि म्हणाली, "या ना आत, आता वाळलंय."